पडद्यापलीकडच्या दोन सीट

थेक्ला कामानिमित्त सतत विमानाने फिरायची. ती, झोई आणि दानाई या शाळेपासूनच्या तिघी मैत्रिणी पन्नाशी साजरी करायला लिस्बनला निघाल्या, तेव्हा विमान कंपनीकडे बक्षीस म्हणून साठलेले सगळे माइल्स तिने तिघींच्या बिझनेस क्लाससाठी खुले केले. पण अथेन्सच्या विमानतळावर कळलं, बिझनेस क्लासमध्ये दोनच सीट शिल्लक आहेत. एक थेक्लाची. दुसरीसाठी चिठ्ठ्या टाकल्या, झोईचं नाव निघालं.

"जा गं बायांनो, मजा करा! मला कुठेही झोप लागते," असं हसत म्हणून दानाई मागे दोन अनोळखी माणसांच्या मध्ये जाऊन बसली. पुढचा बिझनेस क्लासचा पडदा ओढला गेला, तेव्हा मात्र तिचं हसू मावळलं.

विमान वर स्थिरावलं तशी हवाई सुंदरी आली आणि खिडकीजवळच्या आजोबांना म्हणाली, "चला, तुम्हाला पुढे बिझनेस क्लासमध्ये जागा मिळालीय." आजोबा हरखून उठले. मग ती दुसऱ्या बाजूच्या कॉलेजच्या मुलीलाही घेऊन गेली.

दानाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ओळख ना पाळख, त्यांना पुढे जागा आहे, आणि मी तेवढी नको! तिने शाल तोंडावर ओढून घेतली.



"अगं, सरक ना जरा," शाल खेचत थेक्ला म्हणाली, "दिल्या आमच्या सीट त्या दोघांना, ही झोई बसल्यापासून 'दानाई एकटी आहे' म्हणून माझं डोकं खातेय!"