अँड्र्यू ब्रुक्सची यादी

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका स्पोर्ट्स वेबसाइटच्या ऑफिसात बसून सदानंद दरवर्षी अमेरिकन बेसबॉल सीझन सुरू होण्याआधीच त्यातले दहा सर्वोत्तम स्टार्टिंग पिचर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारे चेंडूफेके, निवडायचा. कुणाचा खांदा कुठल्या महिन्यात दुखायला लागतो, हेसुद्धा त्याला तोंडपाठ होतं.

"पण बेसबॉलच्या यादीवर सदानंद असं नाव दिसलं तर वाचणार कोण, हबीबी?" असं म्हणत बॉसने पहिल्याच वर्षी यादीवर लेखक म्हणून 'अँड्र्यू ब्रुक्स' हे बनावट नाव टाकलं. सदानंदचे अंदाज खरे ठरत गेले आणि अँड्र्यूचे चाहते वाढत गेले.

यंदा बॉस बदलला. नव्या बॉसने सहा वर्षांचं रेकॉर्ड चाळलं आणि सदानंदला केबिनमध्ये बोलावलं.



"तुमच्या नावावर एकही लेख नाही. सॉरी, यापुढे बेसबॉलला आम्ही एकट्या अँड्र्यूलाच ठेवतोय."