आखाड्यातल्या चपला

डॉक्टर सूनबाई चपलांसकट आखाड्याच्या मातीत उतरली, तशी वस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरगडीत गुडघा बसून पडलेल्या पैलवानाला नुसता दम लागलाय, असं समजून ते त्याची छाती चोळत होते.

“सरका मामंजी! आधी ती हलगी थांबवा!”

हलगी थांबली. तिनं छातीला कान लावला. उजवीकडं श्वास वाजत होता, डावीकडं काहीच नाही. मानेच्या शिरा टरारलेल्या.

“छातीत हवा कोंडून फुप्फुस मिटलंय,” म्हणत तिनं बॅगेतली जाड सुई काढून डावीकडं गळ्याच्या हाडाखाली टोचली. फुस्सकन हवा सुटली आणि पैलवानानं खोल श्वास घेतला.

रुग्णवाहिका पैलवानाला आणि सूनबाईला घेऊन गेली. वस्ताद खाली वाकले. तिच्या चपलेच्या ठशातली चिमूटभर माती त्यांनी कपाळाला लावली.