खोबणीत कोण बसलंय?

रादकाने पडद्यावरचं चित्र पुन्हा फिरवून पाहिलं. विषाणूचं प्रोटीन साखरेला नेमकं कुठे धरतं, हे बघण्यात वर्ष गेलं होतं आणि साखरेचा पत्ताच नव्हता.

"साखर घातलीस ना, बाई?" प्राध्यापक हिनेक करवादले.

"ओतलीय, सर! मेलं तोंडच लावत नाही."

"मग साखरेच्या त्या खोबणीत ठाण मांडून कोण बसलंय?"

रादकाने वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "ग्लिसरीन! प्रोटीनचे स्फटिक गोठवताना तडकतील, ते सढळ हाताने घाल, असं तुम्हीच म्हणालात. तेही गोडच की! तुमच्याकडे वहिनी पाहुण्यांना दारातच पोटभर कोलाचे, ते जॅम भरलेले गोड पाव, चारतात, मग भाजलेल्या बदकाला कोण हात लावतं?"

हिनेकांनी जेवणाचा डबा उघडला. रविवारचं बदक मंगळवारीही संपलं नव्हतं.