आवाज बंद होईल त्या दिवशी

“पप्पा, आईची चावी तिला परत कधी देणार?”

अक्षरानं विचारून टाकलं एकदाचं. सकाळी शाळेच्या गेटवर पुनम आणि लुंबिनी या मैत्रिणींनी डिवचलं होतं, आमच्यासमोर लई वाघीण होतेस, घरी विचारून दाखव मग मानू. तिनं विचारलं खरं, पण वेळ अशी गाठली की गाडीत चौघं, रस्ता खड्ड्यांचा, आणि डॅशबोर्डातून सारखं टक, खुळखुळ, टक.

पप्पा, मृत्युंजय, स्टिअरिंग आवळून समोर बघत राहिले. शेजारी मेकॅनिक उमाशंकर दोन्ही तळवे डॅशबोर्डवर दाबून, कान टेकवून बसलेला. मागं अक्षराजवळ आई, शिवकन्या. प्रश्न कानावर पडताच ती खिडकीबाहेर बघू लागली.

“ज्या दिवशी हा आवाज बंद होईल त्या दिवशी,” पप्पा म्हणाले. “हिच्या हातात गाडी गेली अन् हे सुरू झालं. आदळली असंल कुठंतरी. आज न्हाई सापडलं तर संध्याकाळी धर्माबादची पार्टी गाडी घेऊन जाणार हाय. बोलणं झालंय माझं.”

अक्षराच्या जिभेवर उत्तर आलं होतं. पप्पा गाणी लावल्याशिवाय गाडी हलवत नाहीत. आई गाणी बंद ठेवून चालवते. आवाज पहिल्यांदा ऐकला तिनंच आणि येऊन सांगितलाही तिनंच. तिथंच तिचं चुकलं.

“शेठ, सगळ्या क्लिपा काढून बघितल्या, फोम भरला,” उमाशंकर म्हणाला. “आता अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागंल. अन् उतरवला की पहिल्यासारखा बसंल, असं मी छातीठोक सांगत न्हाई.”

“मग राहू दे. विकून मोकळा होतो.”

टक. खुळखुळ.

अक्षरा पुढच्या दोन सीटांमध्ये वाकली. उमाशंकर कितीही दाबू दे, आवाजाला फरक पडत नव्हता. उलट पप्पांनी वेग कमी केला की तो पुढं पळत होता.

“पप्पा, एकदा जोरात ब्रेक मारा.”

“गप बस.”

“मारा की.”

“मारा शेठ,” उमाशंकर म्हणाला.

पप्पांनी राग ब्रेकवर काढला. काहीतरी घरंगळत पुढं गेलं आणि काचेच्या खाली आपटलं. गॅरेजकडं वळताना तेच डावीकडून उजवीकडं गेलं. उमाशंकरनं तळवे उचलले.

“हे ढिलं न्हाई शेठ. आत काहीतरी लोळायलंय.”

गॅरेजमध्ये त्यानं पट्टी घालून काचेखालची रुंद फटींची जाळी अलगद उचकटली. काचेवर हवा फेकणारी ती फट, आत काळाकुट्ट बोगदा. त्याचा हात बोटांच्या पेरांपर्यंत गेला आणि अडला.

“हात बारीक पाहिजे.”

अक्षरानं बाही वर केली.

“ए, तुझं काय काम तिथं?” पप्पा पुढं आले. “अडकला म्हणजे? तिकडं गिऱ्हाईक थांबलंय अन् हिचं बघा. काढ हात.”

तोवर ती कोपरापर्यंत आत होती. प्लॅस्टिकची धार कातड्यात रुतत होती. बोटांना काहीतरी लागलं, निसटलं, अजून आत गेलं. पप्पांच्या हातात मोबाइल वाजायला लागला. त्यांनी उचलला नाही, बंदही केला नाही. आई पलीकडच्या दारानं आत शिरली आणि तिनं आपल्या मोबाइलचा उजेड फटीवर धरला.

दोन बोटांच्या चिमटीत ते आलं. अक्षरानं तळहात उघडला.

हळकुंड. धुळीनं माखलेलं, तरी पिवळं. एका टोकाला कुंकू अजून चिकटलेलं.

“आता हे हितं कुठून आलं?” उमाशंकरला हसू आलं. बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा त्यानं ते गिळलं.

कुठून आलं ते तिघांनाही माहीत होतं. नवी गाडी मठासमोर उभी, पूजा झालेली, डॅशबोर्डवर विडा, म्हणजे पान, सुपारी आणि हळकुंडं. आई म्हणाली होती, उचलून घेते, घसरंल. पप्पा म्हणाले होते, आमच्यात घरी पोचेपर्यंत विडा हलवत न्हाईत. घरी पोचल्यावर पानावर एकच हळकुंड निघालं, आणि पाहुण्यांदेखत पप्पा बोलले होते, एक ठेवायचं विसरली बघा ही.

“मी दोन ठेवली होती,” आई म्हणाली. हळू, कुणाकडंही न बघता.

पप्पांचा मोबाइल वाजून वाजून थांबला.

उमाशंकरनं जाळी बसवली, गाडी बाहेर काढली, गॅरेजसमोरच्या उंचवट्यावरून मुद्दाम आदळली, ब्रेक मारला, मागं आणली. नुसतं इंजिन ऐकू येत होतं. तो खाली उतरला आणि सवयीनं चावी शेठकडं धरली. ती अक्षरानं मधल्यामध्ये घेतली.

“इकडं आण,” पप्पा म्हणाले. “घरी जाऊन बघू काय ते. आता रस्त्याला गर्दी हाय.”

अक्षराच्या मनगटावर लाल ओरखडा उठला होता. तिनं हळकुंड पप्पांच्या पुढं केलेल्या तळहातावर ठेवलं. चावी आईच्या मुठीत दिली आणि ती मूठ आपल्या हातानं बंद केली.

“पप्पा, तुम्ही मागं बसा. घरी आई नेणार, मी पुढं बसणार. अन् गाणी लावायची न्हाईत.”