अंधबिंदूतला मुकुंद

"खिडकीकडे सरक जरा," कॅलेंडरवरची नजर न हलवता सिंधूबाई मुलाला म्हणाल्या.

त्यांचा डावा डोळा काचबिंदूने गेलेला. उजव्याच्या दृष्टिपटलावर सरकारी चिप होती. फरारी मुकुंदचा चेहरा दिसला की चौकीत घंटा वाजे. जागेपणी डोळा मिनिटभर मिटला तरी वाजे. पण दृष्टिचेता जिथून डोळ्याबाहेर पडते, तेवढा ठिपका आंधळा असतो. त्याचा प्रयोग सिंधूबाईंनी शाळेत वर्षानुवर्षं सातवीला करून दाखवला होता.

तोंडावर पंचा घेतलेला मुकुंद स्टुलासकट सरकला. पंचा दिसेनासा झाला.

"आता काढ."

"काढला. किती वाळलीस गं आई!"

अकरा वर्षांनी आलेल्या मुलाच्या चेहऱ्याच्या जागी नुसती भिंत होती.

"आणि तू?" त्यांनी कॅलेंडरकडे बघत विचारलं. "तू कसा दिसतोस रे आता?"