टोपलीबाहेरचा फोन

सकाळी साडेअकराला माधवनगरच्या सभागृहाच्या दारात क्रांतीने टोपली धरली. फेसबुकवर टोपणनावाने लिहिणाऱ्या बायका पहिल्यांदाच भेटत होत्या. घरी कुणाला याचा पत्ता नव्हता, म्हणून सगळ्याजणींचे फोन टोपलीत. “फोटू न्हाई न्हवं निघायचा?” डोळे तपासायच्या निमित्ताने दहिवडीहून आलेल्या साळूबाईंनी विचारलं. “माझा शब्द, मावशी,” क्रांती म्हणाली. उशिरा येणाऱ्यांना वाट सांगायला तिने फक्त बरोबरीने गट चालवणाऱ्या पद्माला फोन वापरू दिला. साळूबाईंनी घरातही परेड घेणाऱ्या फौजी नवऱ्यावरची कविता वाचली, हशा पिकला. टोपलीत त्यांचा फोन वाजला. उचलताच मुलगा ओरडला, “आये, आबांची अब्रू जगाला दावतीस व्हय?” क्रांती वळली. पद्मा खांबाआड फोन रोखून उभी. “लाइव्ह चाललंय, लय बघतायत,” ती म्हणाली. “शब्द तू दिलावतास, मी नाही.” साळूबाईंचा फोन तेव्हापासून बंद आहे, व्हिडिओ अजून फिरतोय.