दगडाखालचा कोळसा

“खणा कुठंही! गावाचा इतिहास आहे, आपण आडवं येणार नाही,” रंगनाथ ऐटीत म्हणाला. शहरातल्या कॉलेजच्या बाई जुन्या हद्दींचा नकाशा करायला आल्या होत्या. लग्नांना भाड्यानं द्यायच्या आपल्या लॉनवर त्यानं साऱ्या गावाला चहाला बोलावलं होतं.

शेजारच्या वावराच्या ठकूबाईनं कप खाली ठेवला. तेवीस वर्षांपूर्वी याच रंगनाथनं हद्दीचा दगड उचलून तिच्या रानात आत रोवला होता आणि आपण हात लावला नाही म्हणून भर पंचायतीत बेलभंडार उचलून शपथ घेतली होती. गावानं तिच्या नवऱ्यालाच खोटारडा ठरवलं. तो डाग घेऊनच तो गेला, पण जाताना सांगून गेला, “मोजणीवाल्यांनी हद्दीच्या खुणेला दगडाखाली कोळसा पुरला होता. यानं दगड नेला. कोळसा तिथंच आहे.”

“बाई, मग इथं खणा,” तिनं नवरा-नवरीच्या स्टेजच्या पायाशी बोट दाखवलं.

“तिथं काय आहे, वहिनी?” रंगनाथ घाईनं पुढं आला.

“काही नसलं तर तुमचं काय जातंय, भावजी?”

हातभर खाली कोळसा लागला. बाईंनी नकाशावर जुन्या हद्दीची खूण केली. तेव्हाच्या पंचांनी माना खाली घातल्या.

ठकूबाईनं त्यातला एक कोळसा उचलला आणि स्टेजच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर वरपासून खालपर्यंत रेघ ओढली.

“उद्या लग्न आहे ना इथं? रेघेपलीकडं पंगत बसवायची असेल, तर आधी माझ्या मेलेल्या नवऱ्याला विचारून या.”